पुढच्या बॅचबरोबर

ती. आई-बाबांना सा. न.

डॉक्टरांशी पुन्हा बोलले. नडगीच्या हाडाला बारीक चीर आहे, स्ट्रेस फ्रॅक्चर. ट्रेनिंग सोडून घरी यायची मुभा होती, पण मी ती घेतली नाही. पाय बरा झाला की पुढच्या बॅचबरोबर पहिल्यापासून सुरू करेन, तसं लिहून दिलंय.

आई, 'मुलीच्या जातीला हे झेपत नाही' असं लगेच म्हणू नकोस. रोजचं धावणं आणि पाठीवरचं ओझं अचानक वाढलं की शरीर आधी हाडातला जुना भाग काढून टाकतं. नवं हाड भरून घट्ट व्हायला महिने लागतात, तोवर ते कच्चं असतं. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत अशा चिरा पडतात. मुलींना जास्त पडतात हे खरं, पण विश्रांती मिळाली की बहुतेक ६ ते ८ आठवड्यांत भरून येतात. आणि मला विश्रांती मिळतेय. पळणं बंद, ओझं बंद. पोटभर जेवते, अंथरूण कोरडं आहे, मोजे रोज बदलते.

बाबा, आम्हाला ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादांचं ओरडणं फोनवर ऐकून तुम्ही गप्प झालात. छाती धडधडत असताना, झोप अपुरी असताना हात चुकू नयेत म्हणून तो ताण मुद्दाम देतात, तोही हळूहळू वाढवत. त्यासोबत श्वासही शिकवतात: चार मोजेपर्यंत आत, चार रोखायचा, चार बाहेर, चार थांबायचं. नुसत्या अपमानाने कुणी कणखर होत नाही, असं मलाही वाटतं. तसं काही झालं तर तुम्हाला आधी सांगेन, शप्पथ. दादाच्या वेळचं मनात आणू नका. हे तसं नाही.

आई, रात्री पाय ठणकला की तू पाय चेपून द्यायचीस ते आठवतं. रडू येतं कधीकधी. शेजारच्या खाटेवरची मुलगी काही न विचारता उशाशी पाण्याची बाटली ठेवून जाते, मग झोप लागते.

आता माझं ऐका. काकांना कुणाकडे शब्द टाकायला सांगू नका, मला ते चालणार नाही. बाबा, बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नसते. आईचं व्हिटॅमिन डी या आठवड्यातच तपासून घ्या, गुडघ्यांना नुसतं मलम पुरे नाही. रिपोर्ट आला की मला कळवा.

तुमची,
मनू