आईची पाठ, बाबांची कंबर

ठाणे

ती. आई व ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाबा फोनवर म्हणतात, "दिवसभर वाडीत राबतो, आणखी व्यायाम कशाला?" फोनवर वाद घातला की तुम्ही ठेवून देता, म्हणून लिहितेय. वाडीने हातपाय धडधाकट ठेवले, कबूल. पण असोल्या नारळांची पाटी उचलताना तुम्ही पोट सैल सोडता आणि सगळा भार कमरेवर घेता. मग रात्री आई शेकत बसते. मी पिलाटेस नावाच्या व्यायामाच्या क्लासला जाते तिथे पहिल्यांदा हेच शिकवलं: हातपाय हलवायच्या आधी पोटाचे आतले स्नायू आवळायचे आणि जोर लावताना श्वास सोडायचा.

योगासनं सोडा असं कुणी म्हणत नाही, बाबा. पण हे काही कालचं फॅडही नव्हे. तो ज्याने काढला तो जोसेफ पिलाटेस हा जर्मन माणूस, जन्म १८८३चा. लहानपणी दमा आणि मुडदूस. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला शत्रूदेशाचा म्हणून छावणीत डांबलं. तिथल्या आजाऱ्यांच्या खाटांना त्याने स्प्रिंगा लावल्या आणि पडल्या पडल्या व्यायाम करवून घेतला, असं सांगतात. पुढे १९२६ला न्यूयॉर्क गाठलं, तिथे दुखापत झालेले नर्तक त्याच्याकडे येऊ लागले. आमच्या क्लासमध्येही स्प्रिंगांवर सरकणारं यंत्र आहे. तुम्हाला त्याची गरज नाही, माजघरात जमिनीवर गोधडी घाला. पलंगावर नको, गादी खचते.

आई, तुझं मात्र वेगळं. तपासणीत हाडं ठिसूळ निघालीत. पिलाटेसच्या १९४५च्या पुस्तकात चटईवरचे ३४ व्यायाम आहेत, पण त्यातले बरेच तुझ्यासाठी नाहीत. शेजारच्या वहिनी मोबाइलवर दाखवतात ते, पाठ गोल करून पुढे वाकणं, मागेपुढे लोळणं, अजिबात करू नकोस. ठिसूळ मणका अशाने चेपू शकतो.

तू एवढंच कर. उताणी झोप, गुडघे वर, तळवे जमिनीला. डोक्याखाली पातळ उशी. कमरेखाली जी थोडी पोकळी राहते ती राहू दे, दाबायची नाही की वाढवायची नाही. हात बरगड्यांवर ठेव आणि श्वास घेताना त्या दोन्ही बाजूंना रुंदावतात का बघ. श्वास सोडताना परकराची नाडी आवळताना घेतेस तेवढं पोट आत घे. आता एक पाऊल वीतभर उचल, कंबर न हलवता. सावकाश खाली ठेव, मग दुसरं. पोट फुगून वर आलं किंवा कंबर डुलली की थांब, तेवढंच पुरे. दिसायला काहीच नाही, पण मला पहिल्या दिवशी घाम फुटला होता.

बाबांनीही तेच करावं, फक्त श्वास कोंडून धरायचा नाही. बीपीची गोळी चालू आहे, लक्षात असू द्या. आणि उठताना दोघांनीही आधी कुशीवर वळून, हाताचा टेका घेऊन उठायचं.

सुरू करण्याआधी आईने चिपळूणच्या हाडांच्या डॉक्टरांना विचारून घ्यावं. गणपतीला गुहागरला येईन तेव्हा उभ्याने तोल सांभाळायचे दोन प्रकार दाखवीन. पावसात विहिरीकडची पाखाडी शेवाळते, त्याची मला जास्त काळजी वाटते. तोवर बाबा "करतो, करतो" म्हणाले, तर आई, तू त्यांच्या पोटावर हात ठेवून बघ.

तुमची,
सुमी