ट्रेलरच्या छतावरचा एसी बदलला त्याची सगळी हकीगत, आणि मायच्या खोलीबद्दल

स्वीटवॉटर, टेक्सास
श्रावणातला रविवार

प्रिय दादा,

नाना आणि मायला साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना खूप खूप आशीर्वाद. कानबाईच्या सणाचे रोट यंदाही चुकले, वहिनींनी पाठवलेला फोटो बघून जीव कासावीस झाला. तिकडं पाऊस कसा आहे, लाटीपाडा धरण भरलं का, पांझरा नदीला पाणी आलं का ते कळव. इकडं पावसाचा पत्ता नाही, दुपारी ४१-४२ डिग्री आणि वारा असा की तोंडावर भट्टी उघडल्यागत वाटतं. वाऱ्याचं काही म्हणत नाही म्हणा, त्याच्यावरच आपली रोजीरोटी आहे. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांवर चढायला शिकलो ते इकडं कामाला आलं.

फोनवर तू एसीचं विचारलंस आणि मला धड सांगता आलं नाही, मागं गोंगाट होता. म्हणून आता सगळं लिहून काढतो. तू मोटारी रिवाईंड करणारा माणूस, तुला अर्धवट सांगितलं तर तू चार प्रश्न काढशील. आणि मायच्या खोलीत एसी बसवायचं तुझं चाललंय, त्याच्याशी पण याचा संबंध आहे, म्हणून कंटाळा न करता शेवटपर्यंत वाच.

आधी ट्रेलर म्हणजे काय ते नानांना समजावून सांग, त्यांना वाटतं मी ट्रकच्या ट्रॉलीत राहतो. पिकअपच्या मागं ओढायचं चाकावरचं घर असतं, आत पलंग, गॅस, फ्रिज, संडास-बाथरूम सगळं. साइट बदलली की घर घेऊन जायचं. आमच्यासारखे साइटवर फिरणारे बरेच जण असेच राहतात, पार्कमध्ये जागा भाड्यानं घ्यायची, तिथं लाईट-पाणी मिळतं. एसी भिंतीत नसतो, छताच्या बरोबर मधोमध बसवलेला असतो, छताला १४ बाय १४ इंचाचं चौकोनी भोक, त्याच्यावर वरून मशीन ठेवायचं आणि खालून चार बोल्टनं ओढून घ्यायचं. कॉम्प्रेसर, दोन्ही कॉइल, पंखा सगळं त्या एकाच डब्यात. ते भोक बहुतेक सगळ्या ट्रेलरला त्याच मापाचं असतं, म्हणून एका कंपनीचा काढून दुसऱ्याचा बसवता येतो, फक्त आतल्या बाजूचा डबा आणि थर्मोस्टॅट जुळतो का ते आधी बघावं लागतं.

आता बिघाड. सुरुवातीला थंड कमी करायला लागला, मग एक दिवस दुपारी कॉम्प्रेसर नुसता घुं करून बंद पडायचा, आणि मग ब्रेकरच पडायला लागला. एक मेकॅनिक बोलावला, त्यानं वर न चढताच सांगितलं की पूर्ण बदला, आणि मजुरी सांगितली ती ऐकून मी त्याला हात जोडले. न तपासता मशीन बदलायचं हे मला पटतच नाही, आणि तू पण मला तेच शिकवलंयस की गिऱ्हाइकाची मोटार आधी मीटर लावून बघायची आणि मगच उघडायची.

म्हणून पहिलं काम व्होल्टेज मोजलं. इकडं साधं सॉकेट १२० व्होल्टचं, आमच्या पार्कात ट्रेलरला ३० अँपिअरचं कनेक्शन. सकाळी ११९-१२० येत होतं आणि दुपारी सगळ्यांचे एसी चालू झाले की १०४-१०५ वर! दादा, हे बघून मला आपल्याकडची शेतातली लाईनच आठवली, सगळ्यांचे पंप एकदम चालू झाले की व्होल्टेज बसतं आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या दुकानापुढं जळक्या मोटारींची रांग. तेच झालंय इथं. व्होल्टेज कमी पडलं की कॉम्प्रेसर करंट जास्त ओढतो, वाइंडिंग तापतं, आणि उन्हाळाभर असं चाललं की एक दिवस इन्सुलेशन जातं. एवढा श्रीमंत देश पण डीपीवर लोड जास्त झाला की वायरला त्याचं काही नसतं.

मग पहाटे वर चढलो. आधी बाहेरचा प्लग काढला, आतला ब्रेकर पाडला, टेस्टरनं खात्री केली, कपॅसिटर डिस्चार्ज केला, कामावरची सवय आहे, लॉक लावल्याशिवाय हात घालायचा नाही. प्लास्टिकचं वरचं झाकण काढलं तर आत गांधीलमाश्यांची मातीची घरं, आणि बाहेरची कॉइल कापसाच्या तंतूंनी अशी भरलेली की पत्र्यांतून उजेड दिसेना. इकडं पण आजूबाजूला आपल्यासारखाच कापूस आहे ना, वेचणीच्या दिवसात सगळीकडं उडतो. कॉइलला हवा मिळत नाही, वरून ऊन, खालून कमी व्होल्टेज, काय करील बिचारं मशीन. कपॅसिटर मोजला तर ठीक. मग कॉम्प्रेसरची तीन टोकं सोडवली, कॉमन, रन आणि स्टार्ट, आपसातलं रेझिस्टन्स बरोबर येत होतं पण बॉडीला मीटर लावला आणि बीप वाजला. संपलं. बॉडी शॉर्ट, वाइंडिंग आतून लोखंडाला टेकलेलं.

तुझ्या डोक्यात आता हेच आलं असेल की कॉम्प्रेसर कापून वाइंडिंग भरून घ्यायचं. इकडं तसं कोणी करत नाही रे. आणि हे मशीन सीलबंद येतं, गॅस भरायला तोंडच ठेवलेलं नसतं, थंड करणारा ४१० चा (R-410A) गॅस आत, तो असा हवेत सोडणं इकडं कायद्यानं गुन्हा आहे, लायसन असलेल्या माणसानंच काढायचा. नुसता कॉम्प्रेसर बदलायचा तर मजुरी धरून नव्याच्या जवळपास जातं. तेव्हा नवीन घ्यायचं ठरवलं, पण आता पुराव्यानिशी.

मग प्रश्न केवढा घ्यायचा. दोन मापं चालतात, १३,५०० बीटीयू आणि १५,००० बीटीयू. १२,००० म्हणजे आपला एक टन, त्या हिशोबानं एक सव्वा टनाच्या आत आणि दुसरा बरोबर सव्वा. शेजारचे सगळे म्हणाले मोठा घे, टेक्सास आहे. मी १३,५०० चाच घेतला आणि याच्यावर मी ठाम आहे. एक तर व्होल्टेज आधीच बसतंय, त्याच्यात मोठा लोड टाकून काय मिळवायचं, ३० अँपिअरमध्ये फ्रिज, मायक्रोवेव्ह, गिझर सगळं आलं. दुसरं म्हणजे मला पक्का संशय होता की जुना एसी चांगला होता तेव्हासुद्धा थंडी पूर्ण खोलीत येतच नव्हती, मधेच कुठंतरी गळत होती. आणि तसंच निघालं, ते पुढं सांगतो.

बसवायला कामावरचे दोघं मदतीला आले. मशीन ४० किलोच्या आसपास, पण निसणीवरून वर न्यायचं म्हणजे ते दुप्पट वाटतं. खोक्यातून न काढता तसंच निसणीवर ठेवलं, वरून दोघांनी दोरीनं ओढलं, मी खालून रेटलं. छतावर प्लायवूडचे तुकडे टाकून ठेवले होते, छत रबराच्या शीटचं असतं, पाय एका जागी रोवला तर खाली लाकूड खचतं. सूर्य वर यायच्या आत उरकलं, नंतर तिथं हात टेकवत नाही आणि वारा सुटला की रिकामं खोकं सुद्धा माणसाला ओढून नेतं.

जुनं उचललं तेव्हा खरी गोष्ट दिसली. भोकाच्या कडेनं फोमचं गॅस्केट असतं, तेच पाणी अडवतं, ते दबून दबून कागदासारखं पातळ झालेलं, आणि एका कोपऱ्यात लाकूड काळं पडलेलं. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर भस्सकन आत गेला. तेवढा तुकडा कापून नवीन पट्टी बसवली. जुना चिकट मसाला प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडला, लोखंडी उलथनं लावलं की रबर फाटतं, आणि पेट्रोल किंवा थिनर तर अजिबात लावायचं नाही, रबर फुगून येतं. स्पिरिटनं पुसलं. नवीन गॅस्केटला सिलिकॉन लावू नये, फोमनं स्वतः दबून बसायला पाहिजे. मशीन वरून सरळ खाली ठेवायचं, थोडंसं पण सरकवलं की गॅस्केट दुमडतं किंवा फाटतं आणि मग पहिल्याच पावसात पाणी पलंगावर.

बोल्ट आवळताना चाकाचे नट आवळतो तसं समोरासमोरचे कोपरे थोडे थोडे घ्यायचे. गॅस्केट निम्मं दबलं की थांबायचं. जोरात आवळलं म्हणजे घट्ट बसलं असं वाटतं, पण जास्त दाबलं की फोम मरतो, मशीनचा तळ वाकतो. पुस्तकात टॉर्क दिलेला असतो, तो हातानं आवळण्यापेक्षा फार जास्त नसतोच. आठवड्यानं परत एकदा बघितलं, थोडे ढिले झाले होते, तेवढे घेतले.

वायरिंगचं एक नीट लक्षात ठेव, कोणाला इकडचं मशीन उघडायला सांगितलं तर उपयोगी पडेल. इकडं काळी वायर फेज आणि पांढरी न्यूट्रल. आपल्याकडं काळी न्यूट्रल! हात सवयीनं काळीकडं बिनधास्त जातो, म्हणून मी प्रत्येक वेळी टेस्टर लावूनच हात घातला. हिरवी मात्र दोन्हीकडं अर्थिंगच.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते. छत आणि आतलं सीलिंग यांच्यामध्ये तीन-चार इंच पोकळी असते आणि त्याच्यातून थंड हवेचे डक्ट जातात. खालचा डबा काढून बॅटरी मारून बघितलं तर डक्ट त्या भोकापर्यंत नीट जोडलेलेच नव्हते, बोट जाईल एवढ्या फटी. थंड हवा त्या पोकळीत जात होती. आणि डब्यात थंड हवा जाणारा कप्पा आणि खोलीतली गरम हवा ओढणारा कप्पा यांच्यात एक पडदा असतो, तो कडेनं उघडा. म्हणजे मशीन स्वतःच काढलेली थंड हवा परत स्वतःच ओढत होतं. थर्मोस्टॅटला वाटतं थंड झालं, आणि पलंगाजवळ माणूस घामाघूम. फॅक्टरीतूनच असं आलेलं, आणि मला सांगतात की बऱ्याच ट्रेलरमध्ये असंच असतं. मी फोमच्या शीटचे तुकडे कापून बसवले, सगळ्या कडांना ॲल्युमिनियमची टेप लावली, चांगल्यातली, कापडी टेप उष्णतेनं सुटते. या कामाला मशीन बसवण्यापेक्षा जास्त वेळ गेला, मान दुखून आली, पण सगळा फरक इथंच पडला.

चालू केल्यावर आत ओढली जाणारी हवा २९ डिग्री आणि बाहेर येणारी १८. दहा-अकरा डिग्रीचा फरक पडला म्हणजे मशीन ठणठणीत. आणि आता मागच्या पलंगापर्यंत हवा जोरात येते, जी आधी कधी आलीच नव्हती. सोबत सॉफ्ट स्टार्टर पण बसवला, तुला माहितीच आहे, कॉम्प्रेसर चालू होताना क्षणभर ५०-६० अँपिअर ओढतो, तो झटका कमी होतो. आणि व्होल्टेज ठराविकपेक्षा खाली गेलं की आपोआप बंद करणारं एक यंत्र पण लावलंय, दुपारी कधी कधी अर्धा तास बंद राहतं, राहू दे, कॉम्प्रेसर तर वाचतो.

आता मायच्या खोलीचं. तू दीड टनाचं म्हणत होतास. दादा, दहा बाय बाराची खोली आणि वर पत्रा. दीड टन लावलास तरी दुपारी पत्रा सगळं खाऊन टाकणार, आणि आपल्या लाईनवर तो नीट चालणार पण नाही. आधी पत्र्याचं बघ. जुन्या घराचं धाबं होतं तेव्हा चैत्र-वैशाखात आत किती गार असायचं, मातीचा थर ऊन खाली येऊच देत नव्हता. पत्र्यावर पांढरा रंग मार, खाली चांगल्या इन्सुलेशनचं सीलिंग कर, दाराखालच्या आणि खिडकीच्या फटी बंद कर. मग एक टन पुरेल, आणि एप्रिल-मेमध्ये तर कूलरवरच भागेल, आपली हवा कोरडी असते तोवर कूलरला तोड नाही. जून लागला, हवा दमट झाली की मग एसी. इकडच्या जुन्या लोकांकडं पण अजून कूलर आहेत, पश्चिम टेक्सास कोरडाच.

मायला सांग मी बरा आहे, आता रात्री झोप लागते. ती दर फोनवर म्हणते उनमा फिरू नको, येळवर जेवत जाय, तर जेवतो वेळेवर. कळण्याचं पीठ मिळत नाही म्हणून ज्वारीवर भागवतो, शेवभाजी मात्र दर रविवारी होते, मसाला वहिनींचाच, तो संपत आलाय.

एक काम कर. मायच्या खोलीतल्या सॉकेटवर दुपारी तीनला आणि रात्री आठला व्होल्टेज मोज, सलग चार-पाच दिवस, आणि मला पाठव. अर्थिंग पण तपास, ते जुनं आहे. त्या आकड्यांवरून स्टॅबिलायझर केवढा घ्यायचा ते ठरवू. सीलिंगचे पैसे मी या महिन्यात पाठवतो, दिवाळीच्या आधी करून घे, नंतर सुतार मिळत नाही.

तुझा लहाना भाऊ