हायबरनेटचे राहूनच गेले

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) घाला, हा आपल्या पुरवणीतला सल्ला वाचला. मी दोन वर्षांपूर्वीच घातले. पण त्या सल्ल्यात हायबरनेटचा, म्हणजे उघडे काम जसेच्या तसे जपून मशीन बंद करण्याच्या सोयीचा, उल्लेखच नाही, आणि ग्वाल्हेरच्या आमच्या लश्कर भागात उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा त्याचीच गरज जास्त.

भातखंडे यांनी १९१८ साली सुरू केलेल्या इथल्या माधव संगीत महाविद्यालयात मी शिकले. तेव्हा वहीत उतरवलेल्या बंदिशी आता टाइप करते आहे. पाच-सहा फाइली एकदम उघड्या असतात, बॅटरी मात्र दहा मिनिटांत मान टाकते. स्लीपमध्ये सगळे रॅममध्येच, म्हणजे विजेवर टिकणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीत, राहते, वीज गेली की तेही गेले. हायबरनेट ते डिस्कवर उतरवून मशीन पूर्ण बंद करते.

माझ्याकडच्या उबुंटूने (लिनक्सचाच एक प्रकार) २०१२ च्या आवृत्तीपासून हा पर्याय मेनूतून काढून टाकला आहे, म्हणून टर्मिनलमधून, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीतून, हुकूम सोडला. उत्तर आले: स्वॅपमध्ये (रॅममधले उतरवून ठेवायच्या डिस्कवरच्या जागेत) जागा नाही. रॅम ८ जीबी, स्वॅप २ जीबी! मग १० जीबीची स्वॅप फाइल केली. यावेळी मशीन शहाण्यासारखे बंद झाले. सुरू केले तर कोरा करकरीत डेस्कटॉप. हमीर रागातल्या बंदिशीचा एक अंतरा सेव्ह केला नव्हता, तो गेला. (वही होती म्हणून बरे.)

चूक पुण्याच्या भाच्याने फोनवर सांगितली. उठताना कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) आपला ठेवा कुठे आहे ते कळायला हवे. स्वॅप फाइल असेल तर ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना लिनक्स चढवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) दोन गोष्टी लिहाव्या लागतात: ती फाइल ज्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) आहे त्याचा यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, आणि पार्टिशनच्या आत ती कुठे सुरू होते तो ऑफसेट. मी जुन्या स्वॅप पार्टिशनचाच यूयूआयडी दिला होता. दोन्ही नीट लिहून ग्रब अद्ययावत केला, इनिटरॅमएफएस (सुरू होताना कर्नलला लागणारी छोटी शिदोरी) पुन्हा बांधले, आणि तीन वेळा करून पाहिले. तिन्ही वेळा कर्सर सोडला त्याच ओळीवर. वायफाय तेवढे रुसते, त्याला एकदा बंद-चालू करते.

स्वॅप फाइल पुन्हा नव्याने केली तर ऑफसेट बदलतो, तोही बदलून लिहावा. नव्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही असलेलेच प्रोग्रॅम चालू देणारी सुरक्षा) चालू असेल तर कर्नल बहुधा हायबरनेटला नकार देते. भाच्याचे मशीन त्यातलेच. पुढच्या पुरवणीत एवढे छापाल का?

आपली,
एक निवृत्त संगीतशिक्षिका
लश्कर, ग्वाल्हेर