टाळीचे हात नकोत, चेहरा छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तृतीयपंथीयांच्या ओळखपत्राविषयीची बातमी आपल्या अंकात वाचली. मजकूर चांगला होता. फोटो मात्र नेहमीचाच, टाळी वाजवणारे दोन हात आणि हिरव्या बांगड्या. माणूस कुठेच नाही. तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवतोय, म्हणून हे फार खटकलं.

याचं उलट उदाहरण सांगतो. दिल्लीत जन्मलेले छायाचित्रकार सुनील गुप्ता यांनी १९८६-८७ मध्ये ‘एक्झाइल्स’ ही मालिका केली. इंडिया गेट, हुमायूनची कबर अशा ठिकाणी समलिंगी पुरुषांचे फोटो घेतले. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाची भीती होती, म्हणून काहींचे चेहरे दिसत नाहीत. पण प्रत्येक फोटोसोबत त्या माणसांचं म्हणणं आहे. पुढे २००७ च्या सुमारास त्यांनी ‘मिस्टर मल्होत्राज पार्टी’ सुरू केली. दिल्लीत समलिंगींच्या पार्ट्या कुणातरी काल्पनिक माणसाच्या नावावर व्हायच्या, त्यावरून हे नाव. यात माणसं भर रस्त्यात उभी राहून थेट लेन्समध्ये बघतात. तेव्हा हे संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा ना दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल आला होता, ना सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा. मला हे धाडस फार मोठं वाटतं.

मागच्या वर्षी माझ्याकडे एक ताई आल्या. जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. जुन्या आधार कार्डावर बारीक केस, शर्ट. आरशासमोर त्यांनी टिकली तीनदा काढून लावली. “दादा, हनुवटी वर घेऊ का?” म्हटलं, नको, सरळ माझ्याकडे बघा. पासपोर्टच्या आठ कॉपी घेतल्या, पैसे दिले, दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. “ह्यातलाच एक पाच बाय सात करून द्याल? भिंतीवर लावायचाय.”

ज्याला घरच्यांची किंवा नोकरीची भीती आहे त्याचा चेहरा झाकलाच पाहिजे, यात वाद नाही. पण ते त्याला विचारून ठरावं. न विचारता जुन्या साठ्यातले हात छापले, की दाखवायचं की झाकायचं हे ठरवायची संधीच त्याच्याकडून जाते. वर वाचकाला वाटत राहतं, ही माणसं म्हणजे सिग्नलवरची टाळी.

पुढच्या बातमीच्या वेळी आपल्या छायाचित्रकाराने एवढं विचारावं, “तुमचा फोटो कसा हवा?” कुणी हो म्हणालं आणि जागेची अडचण असली, तर माझा स्टुडिओ आहे. लाइट, बॅकग्राउंड सगळं आहे. पैसे घेणार नाही.

आपला,
एक स्टुडिओचालक, कराड