ज्यांची नावं विचारायची राहिली, त्यांचे आभार

२०२०च्या टाळेबंदीत ठाण्यातलं माझं काम सुटलं आणि मी मुरबाडकडच्या आमच्या पाड्यावर परतलो. खोलीचं भाडं थकलेलं, खिसा रिकामा. एप्रिल होता, मोहाची फुलं पडत होती. पहाटे आईबरोबर टोपली घेऊन जायचो. मेमध्ये करवंदं, जांभळं. पहिल्या पावसाबरोबर शेवळं, ही रानभाजी. आमची चूल त्या रानानं पेटती ठेवली.

ते रान आपोआप उरलं नव्हतं. २००६च्या वनहक्क कायद्यानं जंगल राखण्याचा सामूहिक हक्क ग्रामसभेला मिळतो, पण आमच्याकडे माणसं कागदाच्या आधीपासून राखत होती. उन्हाळ्यात वणवा लागला की ओल्या फांद्यांनी आग झोडपणारे, आग पसरू नये म्हणून पालापाचोळा हटवून जाळरेषा काढणाऱ्या बाया, रात्री कुऱ्हाड अडवणारे म्हातारे. मी शहरात होतो, यातलं काहीच केलं नव्हतं. तरी माझी टोपली कुणी अडवली नाही. तुम्हा सगळ्यांना हात जोडतो.

विकायचे शेवळांचे भारे भाडं न घेता ठाण्यापर्यंत आणणारे टेम्पोवाले दादा, तुमचे आभार.

आणि जांभळी नाक्याजवळच्या त्या ताई. भाव न करता तुम्ही सगळ्या जुड्या घेतल्या आणि विचारलंत, "काकडं नाही आणली?" शेवळं खाजरी, म्हणून ती काकड या रानझाडाच्या आंबट फळांबरोबर शिजवतात. हे जाणणारं गिऱ्हाईक भेटलं म्हणून मला रडू आलं होतं. दुसऱ्या खेपेला काकडं आणली, तुम्ही दिसला नाहीत.

अजूनही जूनमध्ये मी तिथंच बसतो. तुमचा वाटा बाजूला ठेवलेला असतो.