टाळ हातात देणाऱ्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

तुम्ही निवृत्त झालात, तरी डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या फास्टच्या लेडीज डब्यात तुमचं भजनी मंडळ अजून गातंय. तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही “पुरे गं” म्हणून विषय मिटवला असता. म्हणून हे पत्र, चारचौघांत.

तुम्ही टाळ पुढे केलात तेव्हा मी कारणं सांगितली होती. नोकरी, स्वयंपाक, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं दुखणं. गाणं शाळेनंतर सुटलं होतं आणि ‘वेळ मिळाला की बघू’ या खात्यात पडून होतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, “आणि सीएसएमटीपर्यंत काय करतेस?” मोबाईल बघत होते, दुसरं काय!

मला वाटलं होतं, गाडीतलं भजन म्हणजे टाळ्या वाजवत वेळ घालवणं. तुम्ही पहिले काही दिवस मला गाऊच दिलं नाहीत. दोरी बोटांभोवती कशी घ्यायची, आघातानंतर वाट्या उघड्या ठेवल्या की नाद कसा पसरतो, मिटल्या की कसा तुटतो, एवढंच. आठ मात्रांचा भजनी ठेका पत्र्यावर बोटांनी वाजवून दाखवायचात. पेटी नाही, तंबोरा नाही, तरी तुमचा सूर काळी चार या पट्टीवरून हलायचा नाही. झील धरताना, म्हणजे तुमच्या मागून ओळ म्हणताना, कुणी पुढे पळाली की गाणं न थांबवता नुसती भुवई वर जायची. त्या भुवईचा धाक साहेबांच्या मेमोपेक्षा जास्त होता.

पारसिकच्या बोगद्याची मजा तर वेगळीच. १९१६ साली खुला झालेला, सव्वा किलोमीटरहून लांब, आणि फास्ट लोकल तेव्हा त्यातूनच जायच्या. आत शिरलं की रुळांच्या खडखडाटात आपलाच आवाज आपल्याला ऐकू यायचा नाही. तुम्ही म्हणायचात, “आता टाळाकडे बघा.” सगळ्यांचे डोळे तुमच्या मनगटावर. बाहेर आलो तरी आम्ही समेवरच! लय डोळ्यांनीही धरता येते हे मला तिथे कळलं.

सगळ्यांनाच आमचं गाणं रुचायचं असं नाही. रात्रपाळी करून आलेल्या बाईंना झोप हवी असायची आणि त्यांचं चुकत नव्हतं. समोर कुणी परीक्षेचं पुस्तक उघडलं की तुम्ही टाळ पिशवीत टाकायचात आणि आम्ही नुसतं गुणगुणायचो. ही समज सगळ्याच मंडळांना असती तर तक्रारी कमी झाल्या असत्या, हे माझं स्पष्ट मत.

माझं घर, ऑफिस, धावपळ, काहीच बदललेलं नाही. पण संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजताना तोंडात नवी चाल असते. लेक परवा म्हणाली, “आई, तू हल्ली चिडत नाहीस.” तिचं निम्मंच खरं आहे, पण तेवढंही तुमच्यामुळे.

सुरुवातीचा रूपाचा अभंग आता मी उचलते. दादरला निम्म्या जणी उतरतात म्हणून शीव गेलं की शेवटची भैरवी, हा तुमचा नियम अजून पाळतो. गौळणीची नवी चाल मात्र अंतऱ्यात घसरते आहे. दसऱ्याच्या आधी डबा सजवू तेव्हा या. पेढे आमच्याकडून, भुवई तुमची.

तुमची,
खिडकीशेजारची टाळकरी