तळहातावरची शाई

मोहननगर, नागपूर
१४ मे

प्रिय एस्तेर,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

मंगळवारी रात्री तुझा फोन झाल्यापासून हे पत्र मी मनात अनेकदा लिहिले आणि पुसले. फोनवर बोलायला गेलो तर पुन्हा तेच होईल अशी भीती वाटते, म्हणून कागद घेऊन बसलो आहे. तुझ्या वॉर्डातील तो चार वर्षांचा मुलगा गेला. दोन रात्री तू त्याच्या खाटेजवळ होतीस आणि "पपा, मी खूप मागितले, आता मागावेसेच वाटत नाही," असे तू मला सांगत होतीस. त्यावर मी म्हणालो, "तुझा विश्वास कमी पडला असेल." एवढ्यावर थांबलोही नाही, वचनांचे दाखले देत राहिलो. तू केव्हाच गप्प झाली होतीस, हे आईने माझ्या हातातून फोन काढून घेतला तेव्हा मला कळले.

ते वाक्य माझे नव्हते. तुझ्या भावाला, आपल्या डॅनीला, जरीपटक्याच्या कब्रस्तानात ठेवून आपण परतत होतो, तेव्हा फाटकाजवळ मंडळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी हेच मला सांगितले होते. तू सात वर्षांची होतीस आणि माझ्या सदऱ्याचे टोक धरून चालत होतीस. त्यांनी ते मायेनेच सांगितले, याविषयी मला आजही शंका नाही. पण त्यानंतर कित्येक रात्री मी हाच हिशेब करीत बसलो की, नेमका कोणत्या प्रार्थनेत मी कमी पडलो, कोणत्या दिवशी उपास धरायला हवा होता. एकोणीस वर्षे जे वाक्य मला टोचत राहिले, तेच मी उचलून तुझ्या हातात दिले. मला क्षमा कर.

आणखी एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. डॅनीनंतर जवळजवळ दोन वर्षे मी एकटा असताना प्रार्थना केली नाही. रविवारी उभा राहून धडा वाचत असे, प्रभूभोजनाला गुडघे टेकत असे, तुला संडे स्कूलला पोहोचवत असे. घरी आल्यावर मात्र तोंडातून शब्द फुटत नसे. हे तुझ्या आईला ठाऊक होते. ती काही न बोलता माझ्या वाट्याचेही मागत असे. तू प्रार्थना करतेस की नाही, हे तुला विचारणार नाही असे मी ठरवले आहे.

त्या काळात मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील, आजारी मुलाला घेऊन आलेल्या त्या बापाने मला धरून ठेवले. प्रभू पेत्र, याकोब आणि योहान यांच्याबरोबर डोंगरावरून खाली येतो, तेव्हा पायथ्याशी गर्दी जमली आहे, शिष्यांना त्या मुलाला बरे करता आले नाही आणि शास्त्री त्यांच्याशी वाद घालीत आहेत. मूल तडफडते आहे आणि भोवतालची शहाणी माणसे वाद घालीत आहेत, हे चित्र मंगळवारपासून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तो बाप म्हणतो, आपल्याला काही करता येत असेल तर आमच्यावर दया करा. "माझ्या मुलावर" असे तो म्हणत नाही, "आमच्यावर" म्हणतो. आजारी मुलाजवळ बसलेले माणूस तो आजार आपल्या अंगावर घेते, हे मी तुला सांगायला नको. तू ते रोज पाहतेस आणि या वेळी तर स्वतःच त्या जागी होतीस. मग प्रभू त्याला विश्वासाविषयी बोलतो आणि तो लगेच ओरडून म्हणतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका."

मत्तय आणि लूक यांनीही ही हकिगत लिहिली आहे, परंतु बापाचे हे उद्गार केवळ मार्काने राखले. मार्काने ते गाळले असते तर मी काय केले असते, हे मला सांगता येत नाही. कारण प्रभू त्या माणसाला "आधी विश्वास पुरा करून ये" असे म्हणून माघारी पाठवीत नाही. एकाच श्वासात विश्वास आणि अविश्वास कबूल करणाऱ्या बापाचे मूल तो बरे करतो. डॅनी बरा झाला नाही. या दोन गोष्टींची सांगड मला आजपर्यंत घालता आलेली नाही, आणि ती घातली आहे असे तुझ्यापुढे भासवणार नाही. एवढेच ठाऊक आहे की दोन वर्षांनी मी पुन्हा बोललो, तेव्हा माझ्याजवळ त्या बापाच्या वाक्याशिवाय दुसरे काही नव्हते आणि तेवढे पुरले.

म्हणून तू रोज थोडे तरी वाचावेस असे मला वाटते. ड्यूटीवरून आल्यावर एखादे स्तोत्र, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे. खंड पडला की माणूस सैल होतो, एक रविवार चुकला की दुसरा सहज चुकतो, आणि पुण्यासारख्या शहरात कोणी विचारणारे नसते. पाहा, पुन्हा उपदेश सुरू झाला. निराश होऊन "माझा प्राण घे" म्हणणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने काही शिकवले नाही. दोनदा भाकर आणि पाणी दिले, मध्ये झोपू दिले. मीही आधी हेच विचारायला हवे होते, की तू जेवलीस का? रात्रपाळीनंतर नुसत्या चहावर राहू नकोस.

तू पहिल्यांदा पुण्याला निघालीस तेव्हा आजोबांनी नागपूर स्टेशनवर तुला ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट सांगितली होती, आठवते? १८९३ साली ते इथून राजनांदगावला निघाले असताना गाडीतील एका अनोळखी सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. आजोबा गोष्ट तिथेच संपवीत, कारण गाडी सुटण्याची वेळ होई. मला मात्र पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईला झाला तो १८९५ साली. मधल्या काळात केवढी घालमेल झाली असेल, आणि देवाने ती चालू दिली. घाई मलाच झाली आहे.

शिकत असताना तू सुट्टीत घरी येत असस, तेव्हा तुझ्या डाव्या तळहातावर निळ्या शाईने खाट क्रमांक आणि तापाचे आकडे लिहिलेले असत. आई रागवत असे आणि तू म्हणत असस, "कागद हरवतो, हात हरवत नाही." यशयाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात देव म्हणतो, "मी तुला आपल्या तळहातांवर कोरून ठेवले आहे." ते वाचताना मला तो तुझा हात दिसतो. पण त्याच्या दोनच ओळी आधी सियोन, म्हणजे देवाची नगरी, काय म्हणते तेही वाच. परमेश्वराने मला सोडले आहे, प्रभू मला विसरला आहे. ही तक्रार कोणी खोडून टाकलेली नाही. मंगळवारी तू जे बोललीस ते त्या ओळीहून वेगळे नव्हते, आणि मी ते पाप असल्यासारखे ऐकले.

त्या मुलाचा खाट क्रमांकही तुझ्या हातावर असेल. तू दोन रात्री जागलीस, ते मागणे नव्हते असे मला म्हणवत नाही. तुझा मला फार अभिमान वाटतो. हे मी तुला फारच कमी वेळा सांगितले आहे.

इकडे ऊन कडक आहे. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, तरी दुपारी आजोबांना त्रास होतो. शेजारचा मुलगा शुक्रवारी पुण्याला येतो आहे, त्याच्याबरोबर आईने संत्रा बर्फी आणि तुझी जाड चादर दिली आहे. रविवारी तुला सुट्टी असल्याचे आई म्हणाली. मी संध्याकाळी फोन करीन. सकाळी कुठे होतीस, हे विचारणार नाही. झोपलेली असलीस तरी मला बरेच वाटेल.

तुझा,
पपा

ता. क. तुझ्या वसतिगृहाजवळ मराठी उपासना कुठे होते, त्याचा पत्ता मी पाळकसाहेबांकडून लिहून घेतला आहे. तू मागितलास तरच पाठवीन.